एका तासाच्या शुश्रूषेची खरी किंमत: वृद्धांसाठीची घरसेवा आर्थिकदृष्ट्या कशी टिकवावी

अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध व्यक्तीला सकाळी उठवणे, अंग पुसणे, कपडे आणि चादर बदलणे, पाठीवर कुठे जखम धरते आहे का ते पाहणे, दोन घास भरवून गोळ्या देणे आणि पुन्हा नीट कुशीवर निजवणे, एवढ्या कामाला शिकलेल्या सेविकेला साधारणपणे दोन तास लागतात. या दोन तासांसाठी संस्थेला किती खर्च येतो, हा प्रश्न सेवा सुरू करण्यापूर्वी विचारला जातोच असे नाही. ज्येष्ठ नागरिक संघातील चार माणसे, एखादे निवृत्त डॉक्टर, एखादी परिचारिका आणि गावातील एखादा न्यास एकत्र येतात, पहिल्या वर्षी देणग्या मिळतात, दहा-बारा घरांत सेवा सुरू होते आणि तिसऱ्या वर्षी पगार लांबू लागतात. लहान न्यासांचे जमाखर्च मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. देणगीदार आटले म्हणून सेवा बंद पडली, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा ते बहुधा अर्धेच खरे असते. तूट पहिल्या महिन्यापासूनच असते; ती दिसत नाही, कारण ती सेविकेच्या अपुऱ्या पगारात, तिला न मिळालेल्या रजेत आणि तिने पदरमोड करून केलेल्या रिक्षाप्रवासात दडलेली असते. म्हणून तासाचा खरा खर्च आधी काढावा, आणि कुटुंब देणार असलेली रक्कम व हा खर्च यांच्यातील फरक कोण भरणार हे ठरल्याशिवाय सेवेसाठी नवे घर घेऊ नये.

मागणी नसल्यामुळे ही सेवा बुडेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण जवळजवळ १० टक्के आणि गोव्यातील ११ टक्क्यांहून अधिक होते, आणि तेव्हापासून ते वाढतच आले आहे. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आणि घरी दोन थकलेली माणसे, अशी घरे आता तालुक्याच्या गावांतही आळीआळीत आहेत. धोका उलट दिशेने येतो: दर घरामागे तूट असेल, तर जितकी घरे वाढतील तितकी तूट वाढते, आणि नेमक्या या वाढीलाच वार्षिक अहवालात यश म्हटले जाते.

तासाचा हिशेब

पुढील आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. आपल्या गावातील किमान वेतन, भाडे आणि अंतरे पाहून ते बदलावेत, पण मांडणी हीच ठेवावी. समजा, सेविकेचा महिन्याचा पगार १६,००० रुपये आहे आणि ती दररोज ८ तास याप्रमाणे २६ दिवस काम करते, म्हणजे महिन्याला २०८ तास. पुष्कळ संस्था इथेच भागाकार करून तासाला ७७ रुपये पडतात असे मानतात, त्यावर थोडे वाढवून १०० रुपये दर लावतात आणि आपल्याला २३ रुपये उरतात असे समजतात.

प्रत्यक्षात १६,००० हा पगाराचा आकडा आहे, सेविकेवरील खर्चाचा नव्हे. भविष्य निर्वाह निधीचा संस्थेने भरायचा वाटा, प्रशासकीय शुल्कासह, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर साधारण १३ टक्के धरल्यास १,९५० रुपये होतो. राज्य कर्मचारी विमा योजनेत मालकाचा वाटा ३.२५ टक्के असल्याने तो ५२० रुपये होतो. बोनस आणि उपदान (ग्रॅच्युइटी) यांसाठी दरमहा २,१३० रुपये बाजूला ठेवावेत. ही बेरीज २०,६०० रुपयांवर जाते. घरोघरी जाण्याचा प्रवासखर्च १,१०० रुपये आणि हातमोजे, मास्क, गणवेश व फोन यांचे ८०० रुपये मिळवले की एका सेविकेवर महिन्याला २२,५०० रुपये खर्च होतात. भविष्य निर्वाह निधी साधारणपणे २० कर्मचाऱ्यांपासून आणि कर्मचारी विमा १० कर्मचाऱ्यांपासून सक्तीचा होतो. तरीही सक्ती येण्याची वाट न पाहता दोन्ही पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावेत, कारण विसावी व्यक्ती कामावर घेतल्यावर सगळा दर एकदम वाढवून कुटुंबांसमोर ठेवता येत नाही.

आता तास मोजावेत. २०८ तासांपैकी पगारी रजा आणि सण यांचे महिन्याला सरासरी १६ तास जातात. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यात रोज सव्वा तास, म्हणजे २४ दिवसांचे ३० तास जातात. प्रशिक्षण आणि आठवड्याची बैठक यांत ६ तास जातात. रुग्ण दवाखान्यात दाखल झाला, कुटुंब गावी गेले किंवा रुग्ण दगावला आणि नवे घर मिळेपर्यंत सेविका रिकामी राहिली, असे आणखी १६ तास धरावे लागतात. शुल्क आकारता येईल असे उरतात १४० तास. २२,५०० ला १४० ने भागले असता तासाला सुमारे १६१ रुपये येतात.

यावर सामाईक खर्च येतो. देखरेख करणारी परिचारिका २४,००० रुपये, फोन घेणारी व वेळापत्रक लावणारी समन्वयक १८,००० रुपये, त्या दोघींच्या निधी व विम्याचे ६,००० रुपये, खोलीचे भाडे व वीज १०,००० रुपये आणि लेखापरीक्षण, विमा, छपाई इत्यादी ८,००० रुपये, असे एकूण ६६,००० रुपये. बारा सेविका असतील तर हा खर्च १,६८० तासांवर पसरतो आणि तासाला सुमारे ३९ रुपये पडतात. अशा रीतीने एका तासाचा खरा खर्च २०० रुपये होतो. ७७ आणि २०० यांच्यामधील अंतरातच बहुतेक घरसेवा बुडतात.

परिचारिकेचा पगार वाचवून हा आकडा खाली आणण्याचा मोह होतो. तसे करू नये. पाठीला पडलेली जखम वेळेत ओळखली गेली नाही तर त्या रुग्णाचे हाल होतातच, शिवाय गावात संस्थेचे नाव जाते; आणि लहान गावात गेलेले नाव कोणत्याही निधीतून परत आणता येत नाही.

खर्च खरोखर कुठे कमी होतो

पगाराला हात न लावता खर्च कमी करण्याच्या दोनच मोठ्या जागा आहेत: प्रवास आणि दुपार.

प्रवासाचा सव्वा तास अर्ध्या तासावर आणता आला, तर महिन्याला १८ तास मोकळे होतात, शुल्काचे तास १४० वरून १५८ होतात आणि वरच्याच खर्चात तासाचा दर २०० वरून सुमारे १७७ रुपयांवर येतो. तासामागे २३ रुपये वाचवणारी दुसरी कोणतीही युक्ती माझ्या पाहण्यात नाही. त्यासाठी सेवा गावभर न पसरता एका-दोन प्रभागांत दाट करावी, प्रत्येक सेविकेला दोन-तीन लगतच्या आळ्या नेमून द्याव्यात आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या घराला तिथे आणखी तीन घरे मिळेपर्यंत थांबण्याची विनंती करावी. विश्वस्तांच्या ओळखीचे एकच घर चार किलोमीटरवर घेतले की त्या सेविकेचा रोजचा एक तास कायमचा जातो. हा नकार अवघड असतो, म्हणून कार्यक्षेत्राचा नकाशा ठरावाने मंजूर करून कार्यालयात लावावा. मग नकार कोणा एका व्यक्तीला द्यावा लागत नाही.

दुपारचा प्रश्न असा आहे. अंघोळ, अंग पुसणे, डायपर बदलणे ही कामे सर्वांना सकाळी सात ते दहा या वेळातच हवी असतात. सकाळसाठी बारा सेविका लागतात आणि दुपारी त्यांच्यापैकी चौघींनाच काम असते. सकाळचा आणि दुपारचा दर वेगळा ठेवावा, आणि ज्यांना सकाळच्याच वेळेची गरज नाही अशांना अंग पुसण्यासाठी दुपारची वेळ स्वस्तात द्यावी. बँकेत किंवा दवाखान्यात सोबत जाणे, फिरायला नेणे, फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम करून घेणे, घरात अखंड शुश्रूषा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला तीन तासांची सुट्टी देणे, ही दुपारची कामे आहेत. शेवटचे काम तर स्वतंत्रपणे जाहीर करण्याजोगे आहे. ज्या घरात एकच बाई रात्रंदिवस शुश्रूषा करते, तिथे बाहेर पडता येणारे आठवड्यातील तीन तास ही किती मोठी गोष्ट असते, हे अनुभवी माणसाला सांगावे लागत नाही, आणि कुटुंबे त्यासाठी आनंदाने पैसे देतात.

इथे घरी शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या खासगी ब्युरोशी होणाऱ्या तुलनेचा विचार करावा. ब्युरोकडून बारा तासांच्या ड्युटीची मावशी घेतली तर तासाचा दर कमी दिसतो, आणि नातेवाईक तो आकडा आपल्यापुढे ठेवतात. त्या दरात सहसा निधी नसतो, विमा नसतो, देखरेख नसते, आणि रुग्ण दवाखान्यात गेला की मावशीचा रोज बुडतो. पण कुटुंबाला यापेक्षा वेगळे उत्तर द्यावे: आपल्याला बारा तास हवे आहेत का? ज्या घरात दुसरे माणूस आहे तिथे सकाळचे दोन तास पुरतात, आणि २०० रुपयांच्या दराने २६ दिवसांच्या दोन-दोन तासांचे १०,४०० रुपये होतात. बारा तासांच्या सेवेत आपण ब्युरोशी स्पर्धा करू नये. ज्यांना खरोखर पूर्णवेळ माणूस हवे आहे त्यांनी ब्युरोकडून मावशी घ्यावी, आणि आपण आठवड्यातून एकदा परिचारिकेची देखरेख-भेट शुल्क घेऊन द्यावी.

दर आणि सवलत

एकच दर ठेवला तर तो गरिबाला परवडत नाही आणि श्रीमंताला स्वस्त पडतो. तीन श्रेणी पुरेशा होतात. त्याहून अधिक केल्यास प्रत्येक घराशी घासाघीस सुरू होते. वरच्याच उदाहरणात, प्रवास कमी होण्यापूर्वीचे आकडे घेऊन, समजा ५५ टक्के तास २२० रुपयांनी, ३० टक्के तास १२० रुपयांनी आणि १५ टक्के तास ३० रुपयांच्या नाममात्र दराने दिले. जमा अनुक्रमे २,०३,२८०, ६०,४८० आणि ७,५६० रुपये, मिळून २,७१,३२० रुपये होते. खर्च ३,३६,००० रुपये आहे. महिन्याची तूट ६४,६८० रुपये, वर्षाची पावणेआठ लाखांच्या थोडी वर. हा आकडा विश्वस्तांच्या बैठकीत वर्ष सुरू होण्यापूर्वी मांडला गेला पाहिजे, कारण त्यांनी जमवायची रक्कम तीच आहे.

तिन्ही श्रेणींचे एकमेकांशी असलेले प्रमाण हेच खरे नियंत्रण आहे. नाममात्र दराचे तास १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर जाणे हा दयेचा विजय वाटतो, पण त्या वाढलेल्या तासांचे पैसे कोणी भरायचे हे ठरले नसेल तर सहा महिन्यांत सर्वांचीच सेवा थांबते, आणि ती थांबल्यावर ब्युरोकडे जाण्याचा पर्याय गरीब घराला नसतो. म्हणून वर्षाला किती सवलतीचे तास द्यायचे ते आधी ठरवावे आणि नवा देणगीदार मिळाला की त्याच्या रकमेइतकेच तास वाढवावेत.

श्रेणी ठरवताना उत्पन्नाचा दाखला मागून म्हाताऱ्या माणसांना तहसील कार्यालयाचे खेटे घालायला लावू नयेत. परिचारिकेने पहिल्या भेटीत घर पाहावे, निवृत्तिवेतन आहे का, मुले पैसे पाठवतात का, औषधांवर किती जातात हे विचारावे, आणि दोन विश्वस्तांनी त्यावर निर्णय घ्यावा. नाममात्र दर शून्य मात्र ठेवू नये. ३० रुपये देणारी आजी सेविका उशिरा आली तर विचारू शकते. फुकट सेवा घेणारी आजी गप्प बसते.

परदेशातील मुलामुलींबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी. अमेरिकेत किंवा आखातात असलेला मुलगा आईच्या सेवेचे शुल्क पाठवतो, तेव्हा ते सेवेचा मोबदला असते, आणि परदेशी देणगीविषयक कायद्याने (एफसीआरए) नेहमीच्या व्यवहारातील मोबदला देणगीच्या व्याख्येतून वगळला आहे. तोच मुलगा परदेशी नागरिकत्व घेतलेला असेल आणि वर पन्नास हजारांची देणगी देऊ इच्छित असेल, तर एफसीआरए नोंदणीशिवाय ती स्वीकारता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम या बंधनात येत नाही. म्हणून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेसोबत नागरिकत्व लिहून घ्यावे, शुल्क छापील दरपत्रकाप्रमाणेच घ्यावे आणि शुल्काची व देणगीची पावतीपुस्तके वेगळी ठेवावीत.

तूट भरण्यासाठी

या प्रश्नावर केरळकडे पाहणे उपयोगाचे आहे. मलप्पुरम आणि कोझिकोड भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून परिहार सेवेचे, म्हणजे गंभीर आजारी रुग्णांच्या वेदना हलक्या करणाऱ्या शुश्रूषेचे (पॅलिएटिव्ह केअर), शेजारगट उभे राहिले. त्यांचा मोठा आधार एकरकमी मोठ्या देणग्यांचा नव्हता. दुकानदार, विद्यार्थी आणि कामगार यांनी नियमितपणे दिलेल्या लहान रकमांचा होता, आणि त्या रकमा देणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतः रुग्णांच्या घरी जात होते. २००८ मध्ये केरळ सरकारने परिहार सेवेचे धोरण जाहीर केले आणि पंचायतींच्या योजना-निधीतून घरभेटी करणाऱ्या परिचारिकांचा खर्च होऊ लागला. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी लोकवर्गणी, नंतर शासन.

आपल्या उदाहरणातील पावणेआठ लाखांची जुळणी अशी होऊ शकते. तीनशे घरांकडून महिन्याला १०० रुपये घेतले तर वर्षाला ३,६०,००० रुपये जमतात. परिचारिकेच्या मूळ पगाराचे २,८८,००० रुपये एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून मागावेत. उरलेले सुमारे १,३०,००० रुपये प्रसंगानिमित्तच्या देणग्यांतून यावेत: आईवडिलांची पुण्यतिथी, एकसष्टी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन. मोठी जेवणावळ न करता एखाद्या आजीच्या महिन्याच्या सेवेचे पैसे भरावेत, ही विनंती आपल्याकडे सहज समजली जाते. मात्र पैसे नेमके कशासाठी वापरले याचे पत्र महिन्याभरात देणाऱ्याच्या घरी पोचले पाहिजे.

शंभर रुपयांच्या वर्गणीला मी सर्वांत वरचे स्थान देतो. ती गोळा करणे कष्टाचे आहे, तिच्यात गळती होते, आणि दरवर्षी शंभर नवी घरे जोडावी लागतात. पण तीनशे घरे एकाच महिन्यात आपला हात आखडता घेत नाहीत, तर एक कंपनी एका ईमेलने घेऊ शकते. वर्गणी बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करून द्यावी आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत जमा-खर्चाचा कागद वाचून दाखवावा. गावोगावच्या या संघांचा फेस्कॉम हा राज्यपातळीवरील महासंघ १९८० पासून आहे, त्यामुळे शेजारच्या तालुक्यातील संघाशी दर आणि अनुभव यांची देवाणघेवाण करणे अवघड नसते.

कंपन्यांकडे जाताना कायदा हाताशी असावा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात, आणि अनुसूची सातमध्ये वृद्धाश्रम, दिवसा सांभाळ करणारी केंद्रे व ज्येष्ठांसाठीच्या तत्सम सुविधा स्पष्टपणे नमूद आहेत. हा निधी घेण्यासाठी संस्थेची सीएसआर-१ ही नोंदणी असावी लागते. हा निधी बहुधा वर्षभराचा किंवा फार तर तीन-चार वर्षांच्या प्रकल्पाचा असतो, म्हणून त्यातून सेविकांचे पगार चालवू नयेत. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण, वर-खाली होणाऱ्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, किंवा परिचारिकेचे पद असे खर्च त्यावर टाकावेत. खाटा आणि गाद्या संस्थेच्या मालकीच्या ठेवून भाड्याने दिल्या तर निधी संपल्यावरही त्यांपासून उत्पन्न मिळत राहते.

शासनाकडून काय मिळते

अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांत इथे मोठे अंतर आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात; आपल्या २०० रुपयांच्या हिशेबाने हे महिन्याचे साडेसात तास झाले, आणि त्याच पैशांतून त्या व्यक्तीला जेवायचेही असते. म्हणून या रकमेवर संस्थेने डोळा ठेवू नये. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे; घरी येणाऱ्या सेविकेचे पैसे त्यातून मिळत नाहीत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. या योजनांचे अर्ज भरून देणे हे समन्वयकेचे नियमित काम असावे, कारण औषध व साधने यांवरील कुटुंबाचा खर्च कमी झाला की शुल्क देण्याची त्यांची ताकद वाढते.

संस्थेला थेट उपयोगी पडणारी एक वाट पुष्कळदा नजरेआड राहते. ग्रामपंचायती व नगरपालिका यांना स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी राखावा लागतो. पक्षाघाताने हातपाय गेलेले, दृष्टी गेलेले पुष्कळ वृद्ध दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बसतात, पण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसते. ते मिळवून द्यावे, अशा व्यक्तींची यादी करावी आणि अंदाजपत्रक ठरण्याआधी, म्हणजे हिवाळ्यातच, सदस्यांना भेटून घरसेवेसाठी या निधीतून तरतूद मागावी. केंद्र सरकारच्या अटल वयो अभ्युदय योजनेखाली संस्थांना अनुदान मिळते, परंतु अनुदानाचा हप्ता आला की पगार, अशी बांधणी कधीही करू नये.

नोंदणी, कर आणि पावत्या

बहुतेक संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात, आणि ती नोंदणी या कामाला पुरेशी आहे. आयकराच्या बाजूने १२एबी (संस्थेच्या करसवलतीसाठी) व ८०जी (देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी) या नावांनी रूढ असलेल्या नोंदण्या घ्याव्यात; २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी व्यवहारात हीच नावे चालतात. संस्थेच्या उद्देशांत वैद्यकीय मदत आणि गरिबांना साहाय्य हे शब्द स्पष्ट असावेत. काम केवळ सर्वसाधारण लोकोपयोगी उद्देशात मोडले गेले, तर व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेल्यावर करसवलत धोक्यात येते, आणि आपली तर बहुतेक जमा शुल्काचीच असते. सेवा सुरू होण्यापूर्वी सीएकडून याविषयी लेखी मत घ्यावे.

वस्तू व सेवा कराबाबतही तेच. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली की नोंदणीचा प्रश्न उभा राहतो, आणि आपल्या उदाहरणातील शुल्क वर्षाला साडेबत्तीस लाखांच्या वर जाते. करसवलतीची नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेने मरणासन्न व्यक्तींची किंवा तीव्र शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेल्यांची केलेली शुश्रूषा करमुक्त आहे. बँकेत सोबत जाण्याची सेवा त्यात बसेलच असे नाही. दोन्हींची खाती पहिल्यापासून वेगळी लिहावीत.

शुल्काच्या रकमेवर ८०जी ची पावती मागणारे नातेवाईक भेटतात. ती देऊ नये; सेवेचा मोबदला ही देणगी नव्हे. देणगी २,००० रुपयांहून अधिक असेल तर ती रोखीने घेतल्यास देणाऱ्याला वजावट मिळत नाही. शिवाय नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांना ही वजावट मुळात मिळतच नाही, त्यामुळे करबचतीच्या आवाहनावर देणग्यांचे गणित बांधू नये.

रोकड आणि गंगाजळी

ताळेबंदात शिल्लक असूनही पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नसतात, हे घरसेवेत वारंवार घडते. पगार सात तारखेच्या आत द्यायचा असतो आणि शुल्क वीस तारखेला येते. म्हणून महिन्याचे शुल्क आगाऊ घ्यावे, किमान पंधरा दिवसांचे तरी. रुग्ण दवाखान्यात गेल्यास पहिले सात दिवस अर्धे शुल्क लागेल आणि त्या बदल्यात तीच सेविका राखून ठेवली जाईल, असे करारात लिहावे. आणि रुग्ण दगावल्यास उरलेली आगाऊ रक्कम आठ दिवसांत, न मागता, घरी जाऊन परत करावी. दुःखात असलेल्या माणसाला आपल्या पैशांसाठी फोन करावा लागू नये. आणि ज्या घरी संस्था अशी वागली ते घर पुढे वर्गणीदार होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तीन महिन्यांच्या एकूण खर्चाइतकी, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे १० लाखांची, गंगाजळी तीन-चार वर्षांत उभारावी. करमुक्त संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करायचे असतात, आणि उरलेले १५ टक्के बाजूला ठेवण्यास अडचण नसते. त्याहून अधिक साठवायचे असल्यास कारण व मुदत नमूद करून आयकर खात्याला विहित नमुन्यात कळवावे लागते. खाटा किंवा वाहन घेण्यासाठी गंगाजळीला हात लावू नये.

सेविका

सेविका सोडून गेली की नव्या सेविकेचे प्रशिक्षण, मधले रिकामे तास आणि नाराज होऊन सेवा बंद करणारी दोन घरे, हे तिन्ही खर्च एकदम येतात. त्या मानाने तिला टिकवणे स्वस्त आहे. वेळेवर पगार, ठरलेली सुट्टी आणि तिच्या जागी जाणारी बदली सेविका, एवढ्याने बराच फरक पडतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये आणि जीवन ज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये संस्थेने भरावेत. दोन्हींत २ लाख रुपयांचे संरक्षण आहे. परक्या घरात एकटीने काम करणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी संस्थेवर आहे: लैंगिक छळापासून संरक्षणाच्या २०१३ च्या कायद्यात राहते घरही कामाच्या ठिकाणात मोडते, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार आलेल्या घराची सेवा बंद केल्याने बुडणारे शुल्क अंदाजपत्रकात आधीच सोडून द्यावे, म्हणजे त्या वेळी पैशांकडे पाहून निर्णय होणार नाही.

स्वयंसेवकांनी गप्पा माराव्यात, वाचून दाखवावे, औषधे आणून द्यावीत. अंग पुसणे, उचलणे, ड्रेसिंग ही कामे त्यांच्यावर टाकून सेविकांची संख्या कमी करू नये.

महिन्याचा एक कागद

दर महिन्याच्या पाच तारखेला विश्वस्तांसमोर एकच कागद यावा. त्यावर शुल्काचे एकूण तास, तिन्ही श्रेणींतील तास, तासाचा प्रत्यक्ष खर्च, प्रवासाचे तास, थकीत शुल्क, त्या महिन्यात आलेली व बंद झालेली वर्गणी, आणि खात्यातील रक्कम किती महिने पुरेल, एवढेच असावे. गंगाजळी उभी राहिल्यानंतर शेवटचा आकडा दोन महिन्यांच्या खाली गेला, तर सवलतीची नवी घरे घेणे त्याच दिवशी थांबवावे. चालू घरांची सेवा मात्र कमी करू नये.

थांबवलेल्या घरांची नावे प्रतीक्षायादीत तारखेसह लिहावीत. परिचारिकेने अशा प्रत्येक घरी दोनदा जाऊन घरातील एका व्यक्तीला कूस बदलणे, उचलून बसवणे आणि पाठीवरची लाली ओळखणे शिकवून यावे, स्वतःचा फोन क्रमांक तिथे ठेवावा, आणि या भेटींचे तास महिन्याच्या कागदावर वेगळ्या ओळीत लिहावेत, म्हणजे पुढच्या वर्गणीच्या वेळी किती घरे वाट पाहत आहेत हे गावाला सांगता येईल.